अँटीबायोटिक 'गरम' पडतंय म्हणून तांब्याभर पाणी?

आमच्या बेळगावात गोळ्या दोनच प्रकारच्या, साध्या आणि गरम. अँटीबायोटिक म्हणजे गरम, आणि गरमवर उपाय ठरलेला, पाणी पी, ताक पी, आंबील पी. शहापूरची आमची मावशी तर लघवीच्या इन्फेक्शनसाठी दिलेली सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी थेट नाचणीच्या आंबिलीसोबतच घेत होती, वर मलाच सांगते, "मी आंबील पिऊनच गोळी घेतलो की, थंड पडतंय." (आमच्याकडं बायकाही घेतलो, गेलोच म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.)

गडबड नेमकी तिथंच होती. आंबिलीत ताक, आणि नाचणीत कॅल्शियम शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तांदळात त्याचा दहावा हिस्सासुद्धा नसतो. हे कॅल्शियम आणि सिप्रो पोटात भेटले की एकमेकांना असे चिकटतात की ती जोडी आतड्यातून रक्तात नीट शिरतच नाही, तशीच पुढं निघून जाते. नुसत्या दुधा-दह्यासोबत घेतली तरी साधारण एक तृतीयांश औषध असं वाया जातं. म्हणजे गोळी थंड पडली हे एका अर्थी खरंच! सिप्रो असल्या पदार्थांच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर घ्यायची, ॲसिडिटीचं पातळ औषध आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या यांनाही हेच लागू. अमॉक्सिसिलिनला मात्र दुधाचं काही वाकडं नाही, त्यामुळं सगळ्या अँटीबायोटिकना एकच नियम लावू नका, मेडिकलवाल्याला विचारा.

आता पाणी. त्याचं महत्त्व मला पटलं ते स्वतःच्या छातीत जळजळ झाल्यावर. पावसाळ्यात खानापूरकडं भात लावणीला गेलो, पायाला जखम, चिखल, नंतर ताप, डॉक्टरांनी लेप्टोचा (चिखल-पाण्यातनं जखमेवाटे शिरणाऱ्या जंतूंचा ताप) संशय धरून डॉक्सिसायक्लिन हे अँटीबायोटिक दिलं. मी रात्री अंथरुणात बसूनच एक घोट पाण्यावर कॅप्सूल ढकलली आणि आडवा झालो. पहाटे तीनला उठलो तर छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं, पुढं चार दिवस भाकरीचा तुकडा गिळताना डोळ्यातनं पाणी. झालं असं की कॅप्सूल अन्ननलिकेतच चिकटली आणि तिथंच विरघळली, डॉक्सी पाण्यात विरघळलं की आम्लासारखं असतं, ते तिथली त्वचा सोलून काढतं. ग्लासभर पाणी, आणि नंतर किमान अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं, एवढंच करायचं होतं. रात्री झोपताना घेऊच नये ती.

"पाण्यानं औषध धुवून निघतं, किडनीवर लोड येत नाही" हे पण ऐकतो. अहो, किडन्या रोज जवळपास १८० लिटर द्रव गाळतात आणि बहुतेक सगळं परत रक्तात घेतात, तुमच्या दोन तांब्यांनी त्यांचं काम फारसं हलत नाही. पेनिसिलिन तर त्या स्वतःहून जोर लावून बाहेर फेकतात. १९४१ साली ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते दिलं तेव्हा साठा इतका थोडा होता की त्याची लघवी गोळा करून त्यातनं औषध परत काढलं आणि त्यालाच टोचलं. बरा व्हायलालता, पण साठा संपला आणि तो गेला.

जास्त पाणी खरंच लागतं ते सल्फाच्या गोळ्यांना, म्हणजे को-ट्रायमॉक्साझोल वगैरे, कारण लघवी घट्ट झाली तर त्यात औषधाचे खडे धरू शकतात. दुसरं, जुलाब लागले तर. अँटीबायोटिक वाईट जंतूंबरोबर आतड्यातले चांगले पण मारतं म्हणून पोट बिघडतं, तेव्हा नुसतं पाणी नको, एक लिटर पाण्यात ओआरएसचं मोठं पाकीट. रक्त पडलं, ताप आला, किंवा कोर्स संपून काही आठवड्यांनी जुलाब सुरू झाले तरी डॉक्टरांकडं जायचं, मेडिकलमधनं जुलाब बांधायची गोळी आणून गप्प बसायचं नाही. आणि हार्ट किंवा किडनीचा पेशंट, ज्याला पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यानं गरम पडतंय म्हणून मनानं पाणी वाढवू नये.

मावशी आता सकाळी आठला गोळी घेते, आंबील अकराला. गोळीवर तांब्याभर पाणी पिते आणि परवा मलाच म्हणाली, "बघ, पाणी पिलो तवा गरमी कमी झाली."