जॅकी रॉबिन्सनच्या 63 वर्षं आधी: मोझेस फ्लीटवुड वॉकर

15 एप्रिल आला की अमेरिकेतल्या मेजर लीगमधले, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पातळीवरचे, सगळे बेसबॉल प्लेयर्स पाठीवर एकच नंबर लावून खेळतात, 42. तो जॅकी रॉबिन्सनचा नंबर. 1947 साली याच तारखेला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ब्लॅक खेळाडूंसाठी बंद असलेलं दार उघडलं, इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहिती असते. पण दार बंद होतं म्हणजे आधी कधीतरी ते कुणीतरी लावून घेतलं असणार ना? आणि त्या वेळी आत कोण होतं? आत होता मोझेस फ्लीटवुड वॉकर, आणि योगायोग बघा, मेजर लीगमध्ये त्याच्या नावावर मॅचेसही 42 च आहेत.

वॉकरचा जन्म 7 ऑक्टोबर 1856 चा, ओहायो राज्यातल्या माउंट प्लेझंट गावचा. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती असलेलं, गुलामगिरीच्या विरोधात ठाम उभं राहिलेलं हे गाव. पुढे कुटुंब स्ट्यूबनविलला गेलं, तिथे वडील डॉक्टरकी करायचे. मुलगा ओबर्लिन कॉलेजात शिकला, हे कॉलेज 1835 पासूनच ब्लॅक विद्यार्थ्यांना प्रवेश देत होतं, आणि 1881 मध्ये कॉलेजची टीम उभी राहिली तेव्हा फ्लीट (म्हणजे आपला वॉकरच) तिचा कॅचर होता, धाकटा भाऊ वेल्डीपण त्याच टीममध्ये. मग मिशिगन युनिव्हर्सिटीत कायद्याचं शिक्षण घेता घेता तिथल्या टीमकडूनही खेळला. त्या काळात प्रोफेशनल बेसबॉलमध्ये कॉलेजचं तोंड पाहिलेले लोक कमीच असायचे.

आता कॅचर म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय वॉकर काय करत होता हे कळणार नाही. आपल्या विकेटकीपरसारखी जागा, बॅटरच्या मागे, पण बॉल टप्पा न पडता थेट अंगावर येतो आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, तेव्हा फक्त 50 फुटांवर उभा असायचा. आजच्यासारखा जाडजूड कॅचर्स मिट नाही, पायाला पॅड नाहीत. वॉकर बऱ्याचदा उघड्या हातांनी बॉल पकडायचा, कधी घातलेच तर साधे मेंढीच्या कातड्याचे ग्लव्ह्ज, बोटं कापलेले, तळव्याला थोडंसं अस्तर. बोटं फुटायची, नखं निघायची, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच जागी बसायचं.

1881 मध्येच क्लीव्हलँडच्या एका टीमबरोबर तो केंटकीतल्या लुइव्हिलला गेला होता. तिथल्या टीमने सांगितलं, हा खेळणार असेल तर आम्ही खेळत नाही. मग त्याच्या जागी दुसऱ्याला बसवलं तर त्याचा हात एका इनिंगमध्ये कामातून गेला, प्रेक्षकच ओरडायला लागले की वॉकरला आणा. तो येऊन वॉर्म अप पण करायला लागला, लोकांना आवडतही होतं, तरी समोरच्या टीममधले काही जण मैदान सोडून निघाले आणि त्याला परत बसावं लागलं. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते, कारण गर्दी एका बाजूला आणि खेळाडू दुसऱ्या बाजूला असं चित्र इथे स्पष्ट दिसतं.

1883 मध्ये टोलेडो ब्लू स्टॉकिंग्जने त्याला घेतलं. त्यांच्या नॉर्थवेस्टर्न लीगच्या मीटिंगमध्ये ब्लॅक खेळाडूंना बंदी घालायचा प्रस्ताव आला होता, तो पडला. त्याच वर्षी 10 ऑगस्टला शिकागोची टीम टोलेडोत एक्झिबिशन मॅचला आली, कॅप्टन कॅप अॅन्सन, त्या काळातला सगळ्यात मोठा स्टार, आणि तो म्हणाला की वॉकर असेल तर आम्ही उतरणार नाही. खरं तर वॉकरच्या हाताला लागलेलं होतं, त्या दिवशी तो खेळणारच नव्हता! पण टोलेडोचा मॅनेजर चार्ली मॉर्टन चिडला, त्याने वॉकरला मुद्दाम टीममध्ये घातलं आणि शिकागोला सांगितलं, नाही खेळलात तर गेटच्या पैशातला तुमचा वाटा विसरा. अॅन्सन खेळला. म्हणजे त्याचा हट्ट एका मॅनेजरच्या ठामपणापुढे आणि पैशापुढे टिकला नाही, एवढाच त्याचा जोर होता.

1884 ला टोलेडोची टीम अमेरिकन असोसिएशनमध्ये गेली, ही तेव्हाची मेजर लीग. 1 मे 1884 ला वॉकर त्यांच्याकडून उतरला, आणि पहिली मॅच कुठे तर त्याच लुइव्हिलला. (1879 मध्ये विल्यम एडवर्ड व्हाइट नावाचा एक जण प्रॉव्हिडन्सकडून एक मॅच खेळला होता, त्याची आई गुलाम होती, पण तो गोरा म्हणून वावरायचा. ब्लॅक म्हणून उघडपणे खेळलेला पहिला वॉकरच.) त्या सीझनला त्याची बॅटिंग सरासरी .263 (बॅटिंगच्या दर हजार संधींमागे 263 हिट्स), लीगच्या सरासरीपेक्षा चांगलीच वर.

टीमचा मुख्य पिचर होता टोनी मुलेन. पिचर आणि कॅचर म्हणजे एकाच बैलगाडीचे दोन बैल, कॅचर बोटांनी खूण करतो आणि पिचर तसा बॉल टाकतो. मुलेनने बऱ्याच वर्षांनी स्वतःच कबूल केलं की वॉकर मला मिळालेला सगळ्यात चांगला कॅचर होता, पण ब्लॅक माणसाची खूण पाळायची नाही म्हणून मी मनाला येईल ते टाकायचो. विचार करा, उघडे हात, 50 फूट, आणि पुढचा बॉल कुठे येणार हे माहितीच नाही. तरी तो पकडत राहिला. जुलैमध्ये एका फाउल टिपने, म्हणजे बॅटला निसटता लागून मागे आलेल्या बॉलने, बरगडी मोडली. पुढे दक्षिणेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडच्या दौऱ्याआधी मॉर्टनला पत्र आलं की वॉकर युनिफॉर्म घालून मैदानात दिसला तर 75 माणसं त्याच्यावर चालून येतील. पत्राखालची नावं खोटी निघाली. वॉकर तिथे गेलाच नाही, दुखापतीमुळे त्याला आधीच टीममधून सोडलेलं होतं. भाऊ वेल्डीलापण त्या सीझनला मोजक्या मॅचेस मिळाल्या होत्या. वॉकर भावांची मेजर लीग इथेच संपली.

खेळ मात्र सुरू राहिला. 1887 मध्ये इंटरनॅशनल लीगच्या (ही मेजरच्या खालची लीग) न्यूअर्क टीममध्ये जॉर्ज स्टोवी पिचर आणि वॉकर कॅचर, अशी ब्लॅक जोडगोळी होती, स्टोवीने त्या सीझनला 30 हून जास्त मॅचेस जिंकल्या. 14 जुलैला परत अॅन्सनची शिकागो समोर आली, परत तोच हट्ट, आणि या वेळी न्यूअर्कने मान तुकवली. नेमक्या त्याच दिवशी बफेलोत लीगच्या मालकांची मीटिंग होती, तिथे 6 विरुद्ध 4 मतांनी ठरलं की यापुढे ब्लॅक खेळाडूंशी नवीन करार करायचे नाहीत. सगळं खापर अॅन्सनवर फोडलं जातं, मला ते पटत नाही. 1883 मध्ये त्याला एका मॅनेजरने गप्प केलं होतं, 1887 मध्ये तसं करायला कुणी तयार नव्हतं, आणि हात वर करणारे ते सहा मालक अॅन्सनचे नोकर नव्हते.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका लीगने असाच नियम केला तेव्हा वेल्डीने स्पोर्टिंग लाइफ या पेपरला पत्र लिहिलं, खेळाडूला वगळायचं तर खेळ, वागणूक, अक्कल यावरून वगळा, रंगावरून का? फ्लीट सिराक्यूजकडून 1889 पर्यंत खेळला, आणि तो गेल्यावर इंटरनॅशनल लीगमध्ये कितीतरी दशकं कुणी ब्लॅक खेळाडू दिसला नाही.

नंतरचं आयुष्य वाचताना पोटात तुटतं. 1891 मध्ये सिराक्यूजला काही गोऱ्या लोकांशी झालेल्या मारामारीत त्याच्या चाकूने एकजण मेला, खटला चालला, सगळे गोरे असलेल्या ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. 1898 मध्ये पोस्टाच्या नोकरीत टपालातले पैसे चोरल्याबद्दल एक वर्षाची शिक्षा झाली. मग कॅडिझ गावात थिएटर चालवलं, फिल्म प्रोजेक्टरसाठी पेटंट्स मिळवली, आणि 1908 मध्ये त्याने छापून मांडलं की ब्लॅक लोकांनी अमेरिका सोडून आफ्रिकेत जावं. ओबर्लिनमध्ये गोऱ्या मुलांच्या बाकावर बसून शिकलेला, त्यांच्या टीममध्ये खेळलेला माणूस हे म्हणत होता.

11 मे 1924 ला तो क्लीव्हलँडमध्ये वारला. स्ट्यूबनविलच्या कबरस्तानात पुरलं, दगड मात्र 1990 च्या दशकात लागला, तोही ओबर्लिनच्या लोकांनी लावला. वेल्डी 1937 मध्ये गेला. त्यानंतर नऊ वर्षांनी, 18 एप्रिल 1946 ला, इंटरनॅशनल लीगमध्ये पुन्हा एक ब्लॅक खेळाडू उतरला, माँट्रियलकडून जॅकी रॉबिन्सन, आणि ती मॅच होती जर्सी सिटीत, न्यूअर्कच्या शेजारी.