शब्दबांधणी (प्राथमिक लेखन)

शब्दबांधणी म्हणजे पहिली-दुसरीच्या मुलांनी हातातल्या चार-पाच अक्षरकार्डांतून आधी छोटे मग मोठे शब्द जुळवायचे, जुळले की वहीत लिहायचे, आणि बाईंनी सुरुवातीला भरपूर मदत करून ती हळूहळू काढून घ्यायची. अनुलेखन (बघून लिहिणं) आणि स्वयंलेखन (मनातलं लिहिणं) यांच्या मधला हा टप्पा. नेमका हाच घाईत उरकला जातो, आणि मग फळ्यावरचं मोत्यासारखं उतरवणारं पोर स्वतःचं एक वाक्य लिहायला सांगितलं की पेन्सिल चावत बसतं.

संज्ञा आणि उगम

मदत टप्प्याटप्प्याने कमी करण्याला शिक्षणशास्त्रात स्कॅफोल्डिंग म्हणतात. मराठीत कुणी 'आधार' लिहितं, कुणी 'मचाण'. बांधकामावरची 'परांची' मला जास्त बरोबर वाटते, कारण भिंत उभी राहिली की परांची उतरवतातच, मचाण काही कुठली भिंत उभी करायला बांधत नाहीत.

ही कल्पना बऱ्याच ठिकाणी सरळ रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीच्या नावावर टाकलेली दिसते, पण ते तितकं सरळ नाही. वायगॉट्स्की १९३४ साली गेले, त्यांनी मांडलं ते 'निकट विकासाचं क्षेत्र', म्हणजे मूल एकट्याने करू शकतं आणि कुणाच्या मदतीने करू शकतं यातलं अंतर. स्कॅफोल्डिंग हा शब्द या अर्थाने रुळला तो डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या १९७६ च्या निबंधानंतर. त्यात ३, ४ आणि ५ वर्षांची ३० मुलं २१ लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचतात आणि शिकवणारी व्यक्ती कधी, किती हात लावते हे बघितलंय, म्हणजे लेखनाशी त्याचा थेट संबंधच नाही! या दोन कल्पनांची सांगड साधारण १९७९ च्या सुमारास अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ कोर्टनी कॅझडेन यांनी घातली असं मानतात. उलट, कल्पना वायगॉट्स्कींचीच मानणारे अभ्यासक म्हणतात की वायगॉट्स्कींच्या पुस्तकाच्या १९६२ च्या इंग्रजी भाषांतराला ब्रूनर यांचीच प्रस्तावना आहे, तेव्हा प्रभाव नाकारता येत नाही. शब्द १९७६ चा आणि मुळं त्याआधीची, हे म्हणणं वस्तुस्थितीला जास्त धरून वाटतं. त्या निबंधात मदतीची सहा कामं सांगितलीत, त्यातलं 'पर्याय कमी करणं' लेखनात सगळ्यात उपयोगी, मुलासमोर अख्खी वर्णमाला न टाकता पाचच कार्डं ठेवायची ती यासाठीच.

अक्षरकार्डांतून लहान शब्दाकडून मोठ्या शब्दाकडे जायची रीत अमेरिकेत पॅट्रिशिया कनिंगहॅम यांनी १९९० च्या दशकात लोकप्रिय केली. आपल्याकडे धूळपाटीवर मूळाक्षरं गिरवून बाराखडी घोकणं ही पंतोजींच्या शाळेतली जुनी चाल, तिच्यात शब्द फार उशिरा यायचा. पुढे शब्द पद्धत, वाक्य पद्धत आल्या, आणि वळणाने जवळची अक्षरं एकत्र घेणारा ग, म, भ, न हा क्रमही रुजला.

मराठीतले विशेष प्रश्न

इंग्रजीची कृती जशीच्या तशी मराठीत चालत नाही, कारण आपलं एकक सुटं व्यंजन नसून अक्षर आहे आणि त्यात 'अ' आधीच दडलेला असतो. म्हणून परांचीचा पहिला मजला बिनमात्रेच्या शब्दांचा: क, म, ल, ळ, र एवढ्या कार्डांतून कर, कळ, कल, मळ, कमळ, कमल. इथेच ल आणि ळ कानाने वेगळे करावे लागतात, हिंदी बोलणाऱ्या घरातलं मूल थोडं अडतं, कानडी घरातलं सहसा अडत नाही कारण त्याच्या भाषेत ळ आहेच.

दुसरा मजला काना. म आणि ळ ही दोनच कार्डं आणि कान्याच्या दोन पट्ट्या द्या: मळ, माळ, मळा, माळा. एका वेळी एकच पट्टी हलवायची आणि प्रत्येक वेळी मोठ्याने वाचायचं. चौथा शब्द पोराला आपोआप सापडतो, त्या वेळचा चेहरा बघण्यासारखा असतो. तेव्हा बाईंनी गप्प राहायचं, ही खरी अवघड गोष्ट.

पहिल्या वेलांटीला मात्र गप्प राहून भागत नाही. 'कि'मध्ये वेलांटी आधी लिहितात आणि ऐकू येते नंतर, त्यामुळे कानावर विश्वास ठेवणारं मूल ती पुढच्या अक्षराला लावून बसतं. रफाराचं याच्या उलट: 'सूर्य'मधला र आधी ऐकू येतो पण बसतो य च्या डोक्यावर, म्हणून 'सुरय' लिहिलेलं दिसतं. याला लाल गोळा देऊ नये, त्याने ऐकलंय बरोबर, फक्त जागा दाखवायची राहिलीये. चमचा आणि चिमणी यांतले च वेगळे ऐकू येतात पण कार्ड एकच, हे मात्र सांगूनच टाकावं.

तिसरा मजला प्रत्ययांचा. फूल, मूल लिहिता आलं की पोरं 'फूलाला', 'मूलाला' लिहितात. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे (१९६२ चे १४, १९७२ ला ४ वाढवले) इथे उपान्त्य (मूळ शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षरातला) ऊ ऱ्हस्व होतो: फुलाला, मुलाला. नियम पाठ करून घेण्यापेक्षा 'फू'चं कार्ड उचलून 'फु'चं ठेवायला लावलं की हाताला आठवण राहते. घोडा-घोड्याला वगैरे त्यानंतर.

पुण्यात

पाठ्यपुस्तकं बनवणारी बालभारती (स्थापना १९६७) सेनापती बापट रोडवर, राज्याची शैक्षणिक संशोधन परिषदही याच शहरात, त्यामुळे या विषयावरची चर्चा पुण्यात जास्त दिसते. बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्या मुलांसाठी डोअर स्टेप स्कूल ही संस्था काम करते. परांची काय असते हे त्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

अक्षरकार्डांचे तयार संच अप्पा बळवंत चौकात मिळतात. घेताना ल आणि श बघून घ्यावेत. २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवलाय, पण काही संचांत हिंदी वळणाची अक्षरं असतात आणि पुस्तकातला ल वेगळा, कार्डावरचा वेगळा असं बघून मूल गोंधळतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने लिहिलेली कार्डंही छान टिकतात.