दोन अँटिव्हायरस म्हणजे दुप्पट संरक्षण? नाही!

"एकाला दोन असलेले बरे ना?" इंदुरात रामबागेतल्या काकूंनी परवा विचारलं. हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे. फाइल उघडली की दोन्ही अँटिव्हायरस तिला एकाच वेळी अडवून तपासू पाहतात. कॉम्प्युटर रखडतो, कधी अडकूनच पडतो. एकाने पकडून ठेवलेला व्हायरस दुसऱ्याला नवा धोका वाटू शकतो. विंडोज १० आणि ११ मध्ये आधीपासूनच असलेला डिफेंडर हा अँटिव्हायरस, दुसरा अँटिव्हायरस टाकला की सहसा आपणहून बाजूला होतो, हे फार बरं आहे. भांडण जुंपतं ते बाहेरून आणलेल्या दोघांत. त्यातला एक सेटिंग्जमधून काढा, रीस्टार्ट करा. तरी अडलं तर त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल (उरलंसुरलं पुसून काढणारा प्रोग्राम) चालवा, कारण मागे राहिलेले ड्रायव्हरही (विंडोजच्या आत खोलवर चालणारे त्याचे छोटे प्रोग्राम) अडथळा आणतात. सांगितलं तेव्हाच तपासणारा स्कॅनर मात्र सोबत खुशाल ठेवा.