पार्श्वभूमी : परदेशी गेलेला आरोपी आणि इथली फिर्याद

मार्च २०१९ मध्ये अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावरचा एक बंगला सुरुंग लावून पाडला. किनारा नियमन धाब्यावर बसवून तो बांधलेला होता. मालक हिरे व्यापारी, बँक घोटाळ्यातला आरोपी, त्याच महिन्यात लंडनमध्ये अटकेत गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या कोर्टाने प्रत्यर्पणाला, म्हणजे त्याला भारताच्या ताब्यात देण्याला, हिरवा कंदील दिला, एप्रिलमध्ये ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी सही केली, नोव्हेंबर २०२२ मध्ये अपील फेटाळले गेले. अपिलात वाद फसवणुकीचा राहिलाच नव्हता. आरोपीचे मानसिक आरोग्य आणि मुंबईतल्या तुरुंगातली कोठडी यांवरच तो झाला.

किनारपट्टीला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. मुरूडला जंजिरा संस्थान, खाली सावंतवाडी संस्थान, त्याच्या दक्षिणेला पोर्तुगीजांचा गोवा, मध्ये इंग्रजांचा रत्नागिरी जिल्हा; हद्द ओलांडली की आरोपी दुसऱ्या राजवटीत. आजचा प्रत्यर्पण कायदा १९६२ चा. ब्रिटनशी करार १९९२ मध्ये झाला, अमिरातीशी १९९९ मध्ये.

गावात सगळ्यालाच 'धरून आणणे' म्हणतात, आणि घोळ तिथून सुरू होतो. रेड कॉर्नर नोटीस ही इंटरपोलने देशोदेशीच्या पोलिसांना दिलेली सूचना. तिच्यावरून अटक करायची की नाही, हे तो देश ठरवतो. हद्दपारीत तो देश व्हिसा-पासपोर्टच्या कारणावरून परक्या माणसाला बाहेर काढतो. प्रत्यर्पणात आपण मागणी करतो आणि आपले कागद परक्या कोर्टात तपासले जातात.

त्या तपासणीत सर्वांत जड अट म्हणजे ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. कलमाचे नाव जुळले नाही तरी चालते, कृत्य जुळावे लागते. आता चिपळूण, खेड, दापोलीकडच्या एखाद्या ठेवीदाराची फिर्याद कशी असते? 'मुदत संपली, पैसे मागितले, दिले नाहीत.' वाचणाऱ्याला ही उधारी वाटते, आणि उधारीसाठी कुणी माणूस सोपवत नाही. आपल्याकडेही ४२० लागायला पैसे घेतानाच मनात खोट होती, हे दाखवावे लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हेच कलम ३१८ आहे. ब्रिटनचा २००६ चा फसवणुकीचा कायदाही खोट्या सांगण्यावर बोट ठेवतो. म्हणून पैसे घेताना आरोपी नेमके काय म्हणाला, कोणता कागद दाखवला, तेव्हा ते खोटे होते हे कशावरून, एवढे पहिल्याच जबाबात यायला हवे. माझ्या मते लंडनमधल्या वकिलापेक्षा तालुक्याच्या ठाण्यात जबाब लिहून घेणाऱ्या हवालदाराच्या हातात जास्त आहे. ते त्याला कुणी शिकवत नाही, याचे वाईट वाटते.

आणल्यावरही हात मोकळे नसतात. ज्या गुन्ह्यांसाठी सोपवले, त्यांवरच खटला. पोर्तुगालमधून २००५ मध्ये आणलेल्या आरोपीला फाशी नाही, पंचवीस वर्षांहून जास्त कैद नाही, असा शब्द सरकारने दिला होता. तो पाळा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेतल्या (नागरिक सुरक्षा संहिता) कलम ३५६ मुळे फरारी आरोपीच्या गैरहजेरीत खटला चालू शकतो. ब्रिटिश कोर्ट मग विचारणार, तो मुद्दाम गैरहजर होता का, आणि नसेल तर पुन्हा खटला मिळेल का.

२०१८ च्या फरारी आर्थिक गुन्हेगार कायद्याला शंभर कोटींची अट आहे, गावच्या ठेव योजना तिथवर क्वचितच जातात. त्यांच्यासाठी राज्याचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. आरोपीची इथली जमीन, फ्लॅट, बागायत जप्त करून ठेवीदारांना पैसे वाटता येतात, आणि त्यासाठी तो परत येण्याची वाट पाहावी लागत नाही.