जादा बॅच लावण्याआधी मैदानाच्या कडेला तासभर उभं राहा

क्लबच्या टीममधून खेळणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला फुटबॉलची आणखी एक बॅच लावावी का, हा प्रश्न बहुधा हंगामाच्या मध्यावर निघतो. टीममधली जागा पक्की नसते, बरोबरीची मुलं कुठे कुठे जास्तीचं शिकायला जाऊ लागलेली असतात आणि मागे पडण्याची धास्ती घरात सगळ्यांनाच असते. मग बॅच ठरते ती कोचच्या नावावरून, वेळेच्या सोयीवरून किंवा लॅडरमधून, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या पट्ट्यांच्या शिडीतून, भराभर पावलं टाकणाऱ्या मुलांचा व्हिडिओ पाहून. माझ्या मते या तिन्हींपेक्षा वेगळीच गोष्ट पाहायला हवी: समोर कुणीतरी अडवायला उभं असताना, चेंडू पायाशी असताना, त्या तासाभरात आपल्या मुलाला किती वेळा स्वतः निर्णय घ्यावा लागतो. पण त्याआधी शरीराचा हिशेब मांडायला हवा. तो जमत नसेल, तर चांगली बॅचसुद्धा नुकसान करते.

हा हिशेब सोपा असतो, तरी क्वचितच कुणी मांडतं. क्लबचे तीन सराव, एक मॅच आणि शाळेच्या टीमचे दोन सराव धरले, तरी आठवड्याचे नऊ-दहा तास सहज भरतात. क्लबच्या कोचला शाळेचं वेळापत्रक माहीत नसतं, शाळेच्या कोचला क्लबचं. नव्या बॅचच्या कोचला दोन्ही माहीत नसतात. सगळा भार मात्र त्याच दोन गुडघ्यांवर येतो. अमेरिकेत 7 ते 18 वर्षांच्या सुमारे बाराशे खेळाडूंचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांचे आठवड्याचे खेळाचे तास त्यांच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होते, त्यांच्यात अतिवापराच्या गंभीर दुखापती जास्त आढळल्या. कोचच्या शिस्तीतला सराव मोकळ्या खेळाच्या दुपटीहून जास्त झाला, तिथेही तेच. म्हणजे 14 वर्षांच्या खेळाडूसाठी आठवड्याला 14 तास ही वरची हद्द झाली. ती गाठायलाच हवी असं मुळीच नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्याला किमान एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी घ्यायला सांगते. शिवाय वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या टप्प्यांत, आपल्या मुख्य खेळापासून दूर राहावं असाही त्यांचा सल्ला आहे. जादा बॅचमुळे ही एकुलती एक सुट्टी जाणार असेल, तर विचार तिथेच थांबवावा.

याच वयात हा हिशेब इतका काटेकोर का ठेवायचा, याचं उत्तर हाडांमध्ये आहे. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या आसपास. ऐन भरात मुलगा वर्षाला 9-10 सेंटिमीटर वाढतो. हाडं लांब होतात, पण त्यांच्यात खनिजं भरण्याची गती काही महिने मागे असते. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली उतरतो आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, एका छोट्या उंचवट्यावर घट्ट बसलेला असतो. प्रौढांमध्ये तो उंचवटा पक्कं हाड असतो. वाढत्या मुलांमध्ये तिथे अजून कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक भाग, असते. प्रत्येक किक, प्रत्येक उडी, प्रत्येक अचानक थांबणं त्या कूर्चेला ओढतं. ओढ सतत राहिली की जागा सुजते, दाबलं की कळ येते, आणि वाटीखाली बोटाला लागेल असं टेंगूळ तयार होतं. याला ऑसगुड-श्लाटर म्हणतात. टाचेच्या मागच्या बाजूला असंच काहीसं होतं, त्याला सेव्हर्स म्हणतात. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांमध्ये दोन्ही तक्रारी नेहमीच्या आहेत आणि दोन्हींत भार कमी करणं हाच उपचाराचा मुख्य भाग असतो. म्हणून दर तीन महिन्यांनी भिंतीला उभं करून उंची मोजा आणि तारखेसह लिहून ठेवा. आकडा झपाट्याने चढत असेल, तर ते महिने नवी बॅच सुरू करण्याचे नाहीत.

झोपेचंही पाहायला हवं. किशोरवयात 8 ते 10 तास झोप लागते. लॉस एंजेलिसमधल्या शाळकरी खेळाडूंच्या एका अभ्यासात, 8 तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याचं प्रमाण इतरांच्या 1.7 पट दिसलं. बॅच रात्री उशिरा संपणार असेल किंवा पहाटे लवकर उठवणार असेल, तर तिची खरी किंमत झोपेतून वळती होते.

इथपर्यंत सगळं बसत असेल, तर मैदानावर जा. कोचला भेटायला नको, माहितीपत्रक घ्यायलाही नको. कडेला उभं राहून एक पूर्ण सराव पाहायचा. त्यातलं एक साधारण मूल निवडा, सगळ्यांत हुशार नको, आणि फक्त त्याच्याकडे पाहत राहा.

समजा, बारा मुलं एका रांगेत उभी आहेत. प्रत्येकाने जमिनीवर ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोन्समधून चेंडू नेत वळायचं, गोलवर मारायचं आणि रांगेच्या शेवटी यायचं. एका फेरीला 15 सेकंद. म्हणजे दर तीन मिनिटांनी एकदा पाळी येणार. तासभर असंच चाललं, तर प्रत्येकाच्या वाट्याला 20 फेऱ्या येतात. प्रत्यक्ष काम 5 मिनिटं आणि उरलेली 55 मिनिटं रांगेत. शिवाय त्या 20 फेऱ्यांत चेंडू हिसकावायला कुणीच येत नाही. कोन जागचा हलत नाही आणि पाय पुढे घालत नाही. कुठे वळायचं, कधी मारायचं, हे सगळं आधीच ठरलेलं.

मॅचमध्ये याच्या नेमकं उलट असतं. 90 मिनिटांत व्यावसायिक खेळाडू 10 ते 12 किलोमीटर धावतो, पण चेंडू त्याच्या पायाशी असतो तो जेमतेम एक-दोन मिनिटं. त्या थोड्या क्षणांत काय करायचं, हे बहुतेक वेळा चेंडू यायच्या आधीच ठरलेलं लागतं. नॉर्वेतले क्रीडा मानसशास्त्रज्ञ गाइर योर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं जवळून घेतलेलं चित्रण तपासलं. त्यांना एक बारीकशी हालचाल महत्त्वाची वाटली: पास येत असताना खेळाडू चेंडूवरची नजर क्षणभर काढतो, मान वळवून खांद्यामागे पाहतो आणि पुन्हा चेंडूकडे वळतो. चेंडू मिळण्याआधी जे वारंवार असं पाहतात, त्यांचे पास यशस्वी होण्याचं प्रमाण जास्त निघालं. ही सवय रांगेत उभं राहून लागत नाही, कारण तिथे मागे पाहण्यासारखं काही नसतं. तुम्ही पाहत असलेलं मूल चेंडू येण्याआधी मान वळवतं का, आणि त्याला तसं करायची गरज पडेल असा सराव कोचने आखलाय का, हे दहा मिनिटांत कळतं.

लॅडरचंही तेच. पावलं जलद पडतात, पाहायला छान वाटतं, वॉर्म-अपमध्ये पाच मिनिटं केलं तर हरकतही नाही. पण क्रीडाशास्त्रात चपळाई म्हणतात ती समोर काहीतरी घडल्यावर, त्याला उत्तर म्हणून, दिशा किंवा वेग बदलण्याला. पाठ केलेल्या पावलांना समोरच्या डिफेंडरचा झुकलेला खांदा वाचता येत नाही.

गटातल्या सरावाचं मोल इथेच आहे. एकट्याने कोचकडे शिकताना डाव्या पायाची किक किंवा फर्स्ट टच (आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं) सुधारता येतो, पण अडवणारा कोण? गटात चार विरुद्ध चार, तीन विरुद्ध दोन असे छोटे सामने लावता येतात. जागा कमी आणि खेळाडू कमी, त्यामुळे चेंडू प्रत्येकाकडे पुन्हा पुन्हा येतो आणि दर वेळी परिस्थिती वेगळी असते. दमसासासाठी वेगळं धावायला हवं, ही समजूतही फारशी टिकत नाही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्युनियर खेळाडूंच्या एका गटाने टप्प्याटप्प्याने जोरात धावण्याचा व्यायाम केला आणि दुसरा गट छोटे सामने खेळला. दोघांची क्षमता सारखीच वाढली. म्हणून जादा बॅचमध्ये मुलांना मैदानाभोवती नुसत्या फेऱ्या मारायला लावत असतील, तर तो वेळ वाया गेला असं मी बेधडक म्हणेन.

पालकांची एक फसगत मात्र इथे हमखास होते. चांगला सराव बाहेरून गबाळा दिसतो. 1979 मध्ये शे आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या तीन हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाने आधी पहिली पूर्ण घोटवली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाने तिन्ही उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट सरस वाटला. दहा दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा दुसऱ्या गटाच्या जास्त लक्षात होतं. प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या मैदानावर, हा फरक इतका ठळक नेहमी दिसत नाही, आणि अगदी नवं कौशल्य सुरुवातीला एकेकच घोटवावं लागतं. पण टीममधून खेळणारा खेळाडू त्या पायरीच्या पुढे गेलेला असतो. त्याचे पास चुकताहेत, चेंडू निसटतोय, तरी तो पुन्हा नव्या अडचणीत सापडतोय आणि वाट काढतोय, तर सराव ठीक चालला आहे.

कोचचा आवाजही ऐका. "पास कर!", "मार!", "वळ!" असं दर क्षणी ओरडणारा कोच मुलाच्या वाट्याचा निर्णय स्वतःच घेऊन टाकतो. खेळ थांबवून "आत्ता तुला कोण दिसत होतं?" असं विचारणाऱ्या कोचकडे मी आनंदाने मूल सोपवीन.

गटात कोण आहे, हेही पाहून घ्या. एकाच वयाच्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत काही वर्षांचं अंतर असू शकतं. लवकर वाढलेला मुलगा नुसत्या धक्क्याने चेंडू जिंकतो आणि त्याला कौशल्याची गरजच पडत नाही. उशिरा वाढणाऱ्याला संधीच मिळत नाही. म्हणून इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या अकादमींनी जन्मसालाऐवजी शारीरिक वाढीच्या टप्प्यानुसार गट करून सामने खेळवून पाहिले. उशिरा वाढणाऱ्यांना तिथे आपलं कसब दाखवता आलं आणि लवकर वाढलेल्यांना डोकं वापरावं लागलं. बॅचचा कोच वयाच्या पलीकडे जाऊन गट बदलत असेल, तर त्याला हे उमगलेलं आहे.

वॉर्म-अप चुकवू नका. फिफाने तयार करून घेतलेला '11 प्लस' हा 15 व्यायामांचा, सुमारे 20 मिनिटांचा कार्यक्रम नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या मुलींच्या टीम्सवर तपासला गेला. त्यात गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो, त्यामुळे मुलीसाठी बॅच पाहत असाल तर ही 20 मिनिटं आहेत की नाहीत यावर तडजोड करू नका.

कोचला प्रश्न विचारायचा तर एवढाच विचारा: "उद्या हिची मॅच आहे, आज काय कराल?" उत्तरात भार कमी करण्याचं काही आलं नाही, तर पुढची बॅच पाहायला जा.

बॅच लावलीत, तर आधी खेळाडूशी बसून एकच गोष्ट ठरवा. उदाहरणार्थ, पाठीशी डिफेंडर असताना चेंडू घेऊन वळणं. मग सहा-आठ आठवडे ते बॅचमध्ये नको, मॅचमध्ये पाहा. दर सरावानंतर मुलाला 0 ते 10 मध्ये विचारा, किती दमलीस किंवा किती दमलास, आणि त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणून वहीत लिहा. 90 मिनिटांचा सराव आणि 6 हा आकडा, म्हणजे 540. अमेरिकन संशोधक कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत मोठे क्लबही वापरतात. आठवड्याची बेरीज एकदम उडी मारताना दिसली, दुखणं दुसऱ्या दिवशीही राहिलं, किंवा सरावाला निघताना मूल रेंगाळायला लागलं, तर ठरवलेल्या मुदतीची वाट न पाहता बॅच थांबवा.

आणि जवळपास धड बॅच सापडलीच नाही तर? जर्मनीत बुंडेसलिगा या तिथल्या सर्वोच्च फुटबॉल लीगमधल्या 52 खेळाडूंच्या बालपणापासूनचा खेळ तपासून 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी त्यांच्या एकूण फुटबॉलचा मोठा हिस्सा कोचशिवायचा, मित्रांबरोबरचा होता. राष्ट्रीय संघापर्यंत पोचलेले खेळाडू खालच्या स्तरावर राहिलेल्यांपेक्षा वेगळे ठरले ते बालपणीच्या याच मोकळ्या फुटबॉलमुळे आणि किशोरवयात इतर खेळही जास्त खेळल्यामुळे. शिस्तीतल्या सरावाचे तास राष्ट्रीय खेळाडूंचे जास्त दिसले ते वयाच्या बाविशीनंतरच. तेव्हा बॅचसाठी राखून ठेवलेली ती एक संध्याकाळ सात-आठ मित्रमैत्रिणी, एक चेंडू आणि गोलखांबांच्या जागी ठेवलेल्या बॅगा यांना द्यायला काहीच हरकत नाही.