गावाच्या पैशाचा हिशेब: रोकडवहीपासून डोंगलपर्यंत

ग्रामपंचायतीच्या कपाटात कागदांचा तुटवडा कधीच नव्हता. 2011 च्या लेखा संहितेनुसार पंचायतीला 1 ते 33 नमुने, म्हणजे ठरावीक नोंदवह्या आणि तक्ते, ठेवावे लागतात. त्यातला आठ नंबर गावात पोराटोरांना माहीत, कारण घराचा उतारा त्यातून निघतो. पाच नंबर म्हणजे रोकडवही. ती बघायला मागा, ग्रामसेवक वही काढण्याआधी तुमच्याकडे नीट बघून घेईल.

हिशेब तपासण्याची व्यवस्था तर त्याहून जुनी आहे. मुंबई स्थानिक निधी लेखापरीक्षा अधिनियम 1930 चा, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा. ऑडिटर येतो, वह्या चाळतो, आक्षेपांचे पॅरे लिहितो. पंचायत ‘अनुपालन’, म्हणजे आक्षेपांना उत्तर, पाठवते, ते पुरेसं नाही म्हणून परत येतं, दरम्यान सरपंच बदलतो. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि वरून तपासणारा आणखी एक डोळा आला, विधिमंडळाची पंचायत राज समिती, म्हणजे पीआरसी. ‘पीआरसी येतेय’ म्हटल्यावर झेडपीत फायली शोधायची जी धांदल उडते, ती तिथे नोकरी केलेल्या कुणालाही विचारा. पण या साऱ्यात हिशेब जायचा गावाकडून तालुक्याला, तालुक्याकडून मुंबईला. ज्याच्या दारासमोर रस्ता झाला, त्याला हा हिशेब दाखवायचा असतो हे कुणाच्या गावी नव्हतं.

1972 च्या दुष्काळाने हे उघडं पाडलं. खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला माणसं लाखांनी कामावर आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीला 1977 च्या कायद्याने कायमचं रूप मिळालं आणि शहरातल्या नोकरदाराच्या व्यवसाय करातून गावातल्या मजुराची मजुरी निघू लागली. पैशाचा उगम एवढा स्पष्ट असलेली योजना विरळाच. घोळ व्हायचा तो हजेरीपत्रकावर. तिथे खोटी नावं, मेलेल्यांचे अंगठे आणि न झालेली मातीकामं चढायची. पण हजेरीपत्रक हा सरकारी कागद, मजुराला तो बघायची सोय नाही.

ती कोंडी फुटली राजस्थानात. 2 डिसेंबर 1994 रोजी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. कामांचे कागद लोकांसमोर मोठ्याने वाचायचे, एवढंच. आपल्याकडे सातबाऱ्याचं चावडीवाचन पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय, तेव्हा ही रीत आपल्याला आधी सुचायला हरकत नव्हती. पण जमिनीच्या नोंदी वाचणारी चावडी खर्चाच्या नोंदींबाबत गप्प राहिली.

महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा 2000 सालचा कायदा तोकडा निघाला. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी आंदोलनं, उपोषणं केली. 2002 चा सुधारित कायदा आला, पण त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटायला ऑगस्ट 2003 उजाडला. केंद्राचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 पासून लागू झाला. त्यातली एक तरतूद मला फार आवडते आणि ती फारशी वापरली जात नाही: नागरिक कामाची पाहणी करू शकतो, साहित्याचा प्रमाणित नमुना मागू शकतो. मोजमाप पुस्तिकेत सहा इंच काँक्रीट लिहिलं असेल, तर रस्ता किती इंचांचा आहे ते जागेवर जाऊन बघता येतं.

एकीकडे हा हक्क मिळत होता, तरी गावाच्या हाती पैसा मात्र फारसा नव्हता. 24 एप्रिल 1993 ला लागू झालेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, पण निधी योजनेच्या नावाने, तालुक्याच्या अटींसह येई. खरा बदल 2015 चा. 14 व्या वित्त आयोगाने पाच वर्षांसाठी दोन लाख कोटींहून थोडी जास्तच रक्कम थेट ग्रामपंचायतींना दिली. आधीच्या आयोगाच्या निधीत झेडपी आणि पंचायत समितीचेही वाटे असत, ते या वेळी गेले. ‘आमचं गाव, आमचा विकास’ म्हणून आराखडे बनू लागले. त्याच सुमारास पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीचा कायदा) क्षेत्रातल्या गावांना आदिवासी उपयोजनेतले पाच टक्के थेट मिळू लागले. 15 व्या आयोगाने झेडपी-पंचायत समितीला पुन्हा वाटा दिला आणि 60 टक्के रक्कम पाणी-स्वच्छतेला बांधून टाकली.

पैसा गावात आला तसा प्रश्नही गावात आला. आराखडा मंजूर करायची ग्रामसभा. तिची गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी असेल ती संख्या. ती भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. वीस माणसांत लाखोंची कामं संमत होतात. नंतर रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरलं, तर त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

पुढची पायरी डिजिटल. 24 एप्रिल 2020 पासून ई-ग्रामस्वराज आहे, चेकबुक गेलं, सरपंच आणि ग्रामसेवक यांची डिजिटल सही डोंगलमध्ये, म्हणजे संगणकाला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीत, आली. कोणत्या गावाने कोणत्या कामावर किती खर्च केला, हे फोनवर दिसतं. हा मोठाच फरक आहे. फक्त दोन्ही डोंगल पुष्कळदा संगणक परिचालकाच्याच ड्रॉवरमध्ये असतात, म्हणजे दोघांच्या सहीचा पहारा एका किल्लीवर आला.

जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण योजनेत तर पारदर्शकतेसाठी फोटोंना अक्षांश-रेखांश जोडायचे होते. तरी सुमारे 9,634 कोटी खर्चूनही भूजलाची पातळी वाढण्यावर फारसा परिणाम झाला नाही, असा ठपका कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, 2020 च्या अहवालात ठेवला. बंधाऱ्याचा फोटो बंधारा आहे एवढंच सांगतो. विहिरीला पाणी किती वाढलं, ते त्यात कुठून दिसणार? नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने हा हिशेब उलट्या बाजूने मांडला. पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले तेव्हापासून तिथे कामांसोबत नियम आले, बोअरच्या पाण्यावर शेती नको, ऊस नको. शिवाय दरवर्षी गावकऱ्यांसमोर पाण्याचा ताळेबंद.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने याहून वेगळी वाट धरली. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क, एप्रिल 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती. विक्रीचा पैसा ग्रामसभेचाच. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात, म्हणून एका माणसाची शंकासुद्धा सभा अडवू शकते.

बाकी गावांत आराखड्यातली नोंद अजून अशी असते: ‘वॉर्ड क्र. 2 गटार बांधकाम, 3 लाख.’ कुणाच्या घरापासून कुणाच्या घरापर्यंत, ते तिथे लिहिलेलं नसतं.