लोखंडी नांगराचा प्रसार : सातारा-सांगली परिसर

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत कृष्णाकाठच्या शेतीत लाकडी नांगराच्या जोडीला, आणि पुढे बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी, माती पलटणारा लोखंडी नांगर आला, त्या घडामोडीला ही संज्ञा लावतात. परंपरागत समाज नवे तंत्र कसे स्वीकारतो याचा दाखला म्हणून ग्रामीण समाजशास्त्रात आणि व्यवस्थापनशिक्षणात तिचा उल्लेख येतो. येथे ‘सातारा’ म्हणजे जुना अखंड जिल्हा समजावा. १९४९ मध्ये त्याचे उत्तर व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. औंध, सांगली, मिरज, फलटण व जत या संस्थानांची गावे त्या जिल्ह्याच्या आत-बाहेर विखुरलेली असल्याने जुन्या कागदांवरून गावाचा जिल्हा ठरवताना घोटाळा होतो; नांगराच्या कारखान्याभोवती वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या बाबतीत तो नेहमीच झालेला दिसतो.

आरंभाचा प्रश्न : ‘पहिला भारतीय लोखंडी नांगर’ कोणता, या प्रश्नाचे उत्तर ‘पहिला’ या शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे. परदेशी बनावटीचे लोखंडी नांगर मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकातच आलेले होते आणि सरकारी शेतांवर व कृषी प्रदर्शनांत ते दाखवले जात. तेव्हा वापराच्या दृष्टीने पहिलेपणाचा मान देशी कारखान्याला देता येत नाही. देशी भांडवलावर, विक्रीसाठी आणि सुटे भाग पुरवण्याच्या हमीसह नांगर घडवण्याचे श्रेय मात्र लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांना सामान्यतः दिले जाते. त्यांचा पहिला नांगर बेळगावात १९०३ च्या सुमारास तयार झाला असे बहुतेक चरित्रकार धरतात. काही ठिकाणी त्यापुढचे वर्ष आढळते. हा फरक बहुधा पहिला नमुना आणि विक्रीला काढलेला पहिला माल यांत गल्लत झाल्याने पडला असावा. त्याआधी त्यांच्या तेथील कारखान्यातून कडबा कापण्याची यंत्रे बाहेर पडत होती. हा तपशील अनेकदा गाळला जातो. वास्तविक बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, ओतकाम आणि शेतकरी गिऱ्हाईक या दोन्हींची ओळख किर्लोस्करांना त्या यंत्रांमुळे झालेली असणार.

बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातील कुंडल स्थानकाजवळची ओसाड जमीन देऊ केली. निवडुंग आणि नागांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये कारखाना व वसाहत उभी राहू लागली, तीच किर्लोस्करवाडी. आज हे ठिकाण सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येते. जागेच्या निवडीत राजाश्रयाइतकाच पुणे-मिरज लोहमार्गाचा वाटा होता, कारण कच्चे बीड व कोळसा बाहेरून आणायचा आणि जड माल बाहेर पाठवायचा तर रेल्वेवाचून गत्यंतर नव्हते. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक आटली, पण कच्चे लोखंडही मिळेनासे झाले. त्या अडचणीच्या काळात कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्याची आठवण सांगितली जाते.

रचना : लाकडी नांगर बहुधा बाभळीचा. खोड, हळीस (खोडापासून जुवापर्यंतचा दांडा), रुमणे (हाताने धरायची मूठ) आणि जू हे त्याचे मुख्य भाग. लोखंड काय ते फाळापुरते. हा नांगर जमीन फाडतो, उलथत नाही. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे वळणदार पंख असतो. फाळाने तळातून कापलेली मातीची वडी पंखावर चढते आणि पालथी पडते, त्यामुळे हरळी-कुंद्यासारख्या तणांची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. काळ्या जमिनीतील खोल नांगरटीला लाकडी नांगरास तीन-चार बैलजोड्या लागत. पुढच्या जोड्यांच्या जुवावर हाकणारी पोरे बसत. एवढे बैल एका घरी नसल्याने पैऱ्याने (आळीपाळीने एकमेकांचे बैल वापरून) किंवा इर्जिक घालून (गावकऱ्यांना बैलांसह मदतीला बोलावून) काम उरकत, आणि इर्जिकीच्या जेवणाचा खर्च यजमानावर पडे. थोड्या बैलांत होणारी नांगरट हे लोखंडी नांगराचे खरे आकर्षण होते, उत्पन्नातील वाढ त्यानंतरची.

विरोध व त्याची मीमांसा : लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, या समजुतीमुळे शेतकऱ्यांनी नांगर नाकारला आणि सुमारे दोन वर्षे माल पडून राहिला, अशी कथा किर्लोस्करांच्या बहुतेक चरित्रांत येते. समजूत होती याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु विलंबाचे सगळे खापर तिच्यावर फोडणारे विवेचन अपुरे वाटते. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्यात दुरुस्त करी आणि सुगीत खळ्यावर आपला वाटा नेई. बोथट झालेला फाळ लोहाराकडून शेवटून (तापवून व ठोकून धार लावून) मिळे. या सगळ्यात रोकड पैसा कुठेच लागत नव्हता. बिडाचा फाळ तसा नव्हता. बीड ठिसूळ असल्याने भात्यावर तापवून घणाखाली ते वाढवता येत नाही, ठोकले तर तुकडे पडतात. दगडाला आदळून फाळ उडाला तर नवा रोख पैशाने आणि तोही लांबून आणावा लागे. तेवढ्यात वाफसा (मशागतीजोगी ओल) निघून गेला तर हंगाम हुकला. अशा स्थितीत शेजाऱ्याचा नांगर दोन वर्षे टिकतो का हे पाहून मग ठरवणारा शेतकरी मागासलेला ठरत नाही, तो हिशेबी ठरतो. अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये पारंपरिक शेतकरी उपलब्ध साधनांत काटेकोर हिशेब करतो असे प्रतिपादन केले, त्याच्याशी हे जुळते. उलट नवी गोष्ट प्रथम थोडे धाडसी लोक घेतात व मग इतरांत पसरते, हा समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये रूढ केलेला आराखडा येथे बाह्य क्रम दाखवतो, कारण सांगत नाही.

विक्री आणि व्यापाराचे शिक्षण : वाणिज्याचे पद्धतशीर शिक्षण या काळात मुख्यतः मुंबईत मिळे, तेथील सिडनहॅम महाविद्यालय १९१३ मध्ये निघाले. सातारा भागात हे शिक्षण बांधावर झाले. नांगर विकणाऱ्याला तो स्वतः धरून तास काढून दाखवावा लागे, फाळ बदलून दाखवावा लागे, आणि सुगीनंतर वसुलीला पुन्हा त्याच दारात यावे लागे. भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांनी शिक्षणकार्यात पूर्ण वेळ पडण्यापूर्वी ओगले काच कारखान्याचा व किर्लोस्करांचा माल विकण्याचे काम केले होते. कऱ्हाड तालुक्यातील काले येथे १९१९ मध्ये स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या विस्तारात या फिरतीत झालेल्या ओळखींचा उपयोग झाला असावा. विद्यार्थ्याने अंगमेहनतीने शिक्षणाचा खर्च भागवावा हा त्यांचा आग्रहही कारखानदारीच्या सहवासाशी जोडला जातो, पण त्याचे मूळ सत्यशोधकी संस्कारांत शोधणे अधिक युक्त होईल. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली १९२० मध्ये निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ ही मुळात कारखान्याची बातमीपत्रिका होती आणि मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत पोचवणे हे तिचे एक काम होते. पुढे तिचे सर्वसाधारण मासिक झाले, तो वाङ्मयीन इतिहास येथे प्रस्तुत नाही.

व्यवस्थापनाच्या वर्गांत हे उदाहरण अजूनही ‘मानसिकता बदलणे’ या मथळ्याखाली शिकवले जाते. सुट्या फाळाचा पुरवठा, तगाई (सरकारने शेतीसाठी दिलेले कर्ज) व सहकारी पतपेढ्यांचे कर्ज आणि हंगाम पाहून वसुली या बाबी त्यात सहसा दुय्यम राहतात.

नंतरची स्थिती : कऱ्हाडजवळच्या खोडशी बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कृष्णा कालव्याच्या पट्ट्यात, उसाला खोल मशागत लागत असल्याने, लोखंडी नांगर लवकर रुजला असावा, माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या हलक्या जमिनींत त्याची निकड कमी होती. ट्रॅक्टर आल्यावर बैलांचा लोखंडी नांगरही मागे पडला आणि ‘पलटी’ हे नाव ट्रॅक्टरमागच्या अवजाराला चिकटले. पाटण-जावळीच्या डोंगरातील अरुंद भातखाचरांत, जेथे ट्रॅक्टर वळत नाही, तेथे हलका लाकडी नांगर त्याच्यानंतरही चालू राहिला.